दहा मानकऱ्यांची डब्बी

मी डब्बी बोलतेय. माझं खरं नाव राउटर, पण सालेकसा तालुक्यातल्या या गावात ते नाव कुणी उच्चारलं नाही. आल्या दिवसापासून मी 'वायफायची डब्बी'. डब्बी म्हटल्यावर मी बाईमाणूस झाले, आणि बाईमाणूस झाल्यावर माझं पुढे काय झालं असेल ते गाव ओळखणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. तरी सांगते. फार गप्प बसून झालं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुली रांगेत बसलेल्या असायच्या. एकीने माझ्या पोटात हिरवी पट्टी बसवली, दुसरीने डोक्यावर दोन शिंगं लावली, तिसरीने पाठीवर एक क्रमांक चिकटवला. त्या क्रमांकाला मॅक अॅड्रेस म्हणतात. तो प्रत्येक यंत्राला जन्मतःच मिळतो. मला आहे, तुमच्या फोनलाही आहे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांच्या हातावरच्या गोंदणासारखा तो. घर बदलतं, मालक बदलतो, गोंदण जात नाही.

तिथून ट्रकने गोंदिया, गोंदियाहून तालुक्याचं गोदाम, आणि गोदामातून कैलाशची पिशवी. कैलाश हा आमगावचा पोरगा, ठेकेदाराकडे कामाला. मोटारसायकलला पिशवी लटकवून तो गावोगाव आमच्यासारख्या डब्ब्या भिंतीला ठोकत फिरायचा. ग्रामपंचायतीपर्यंत काचेची तार आधीच आली होती. तारेच्या टोकाला मी बसले की गाव जगाला जोडलं जाणार होतं. असं निदान माझ्या खोक्यावर लिहिलं होतं.

माझं काम वाटाड्याचं. तुम्ही फोनवर एक फोटो मागवता. तो अखंड येत नाही. त्याचे बारीक बारीक तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक तुकड्यावर कुठून निघाला आणि कुठे जायचंय हे लिहिलेलं असतं. तो पत्ता म्हणजे आयपी अॅड्रेस. तो वाचायचा आणि तुकडा ज्याचा त्याला द्यायचा, एवढंच मी करते.

आता नीट ऐका, कारण सगळं भांडण इथेच आहे. मॅक कायमचा असतो, आयपी तसा नसतो. तो मंडईतल्या जागेसारखा. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते तेव्हा फुगेवाला येतो, त्याला बसायला जागा मिळते. तो उठला की तिथे भजीवाला बसतो. फुगेवाला जागा घरी घेऊन जात नाही. मीही तशीच जागा देते. फोन जवळ येतो, विचारतो, 'जागा आहे का?' मी म्हणते, 'ही घे, थोडा वेळ तुझी.' फोन गेला की जागा मोकळी होते आणि पुढच्याला मिळते. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. जो आला त्याला जागा, जो गेला त्याची सुटली. माणसांनी शोधलेल्या पद्धतींत इतकी सरळ पद्धत मला दुसरी माहीत नाही. या गावाने नेमकी तीच मोडली.

मला ठोकलं त्या दिवशी पंचायतीच्या खोलीत सरपंचांच्या खुर्चीवर दुलीचंद बसले होते. सरपंच त्यांची बायको आहे. ती त्या वेळी सगळ्यांसाठी चहा करत होती.

"भाऊ, कितने लोग चलाएंगे? किती फोन जोडायचे?" कैलाशने विचारलं.

"सारे पोट्टे जुडले त दिवसभर इथंच बसन," दुलीचंद म्हणाले. "कामधंदा राहीन बाजूले."

"मग पासवर्ड ठेवतो ना."

"पासवर्ड एका दिवसात गावभर होते. तू अशी सोय कर का पासवर्ड माहीत असून बी त्याइचं जमलं नाई पायजे."

कैलाशने डोकं खाजवलं. "हो सकता है. ज्यांना द्यायचं त्यांच्याच फोनचे नंबर आत लिहितो. त्यांची जागा पक्की. बाकीच्यांना जागाच मिळणार नाही."

"दहा कर. मानाचे मानसं."

झालं. माझ्यात अडीचशे फोनांना पत्ते द्यायची सोय होती, त्यातल्या दहाच जागा ठेवल्या. दहा मॅक नंबर आणि त्यांच्यापुढे बांधलेले दहा पत्ते. मालक पंचायतीत असो की बांधीत धान कापत असो, त्याची जागा त्याचीच. दुलीचंद, सगळे सदस्य, मंडईचा नारळ फोडणारे बकाराम, आणि तंटामुक्तीचे अध्यक्ष टिकाराम. सरपंचबाईंचं नाव त्या दहांत नव्हतं. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

टिकारामची पाळी आली तेव्हा त्यांनी खिशातून बटणाचा फोन काढला. कैलाश हसला. "आजा, इसमें वायफाय नहीं है. हा जुडतच नाही."

टिकारामचा चेहरा पडला. दुलीचंदनी लगेच कैलाशला दटावलं, "नसन वायफाय. म्हनून का टिकारामभाऊचं नाव गाळतो? साऱ्याइचं लिवलं अन् त्याचंच नाई, बरं दिसते का?"

मग कैलाशने मनानेच एक खोटा मॅक नंबर बनवला आणि टिकारामच्या नावापुढे लिहून टाकला. टिकाराम खूश. चहा प्याले. जगात कुठेच नसलेल्या फोनसाठी माझी एक जागा कायमची अडकली, आणि खोलीत सगळ्यांना वाटलं की छान तोडगा निघाला.

बाहेरच्या जगाला यातलं काही दिसत नाही. आतल्या सगळ्यांचे तुकडे मी बाहेर पाठवते ते एकाच पत्त्याने. याला नॅट म्हणतात. बाहेरून पाहिलं तर सगळं गाव एका घरचं. आत काय उतरंड आहे ते आतल्यांनाच ठाऊक.

माझ्यात एक फायरवॉलही आहे. ती दारावरची राखण. आतून कुणी बोलावलं नसेल तर बाहेरच्या कुणाला ती आत येऊ देत नाही. दुलीचंदना ती फार आवडली. बाहेरून वाईट येतं, यावर त्यांचा विश्वास आहे. आतल्या वाईटावर तिचा काही इलाज नाही, हे मी त्यांना कसं सांगणार?

कैलाशने त्यांच्या फोनवर एक अॅपही टाकून दिलं. माझ्याकडे त्या घडीला कोण जोडलंय ते नावानिशी त्यात दिसायचं. दुलीचंद ते हजेरीसारखं बघायचे. टिकारामच्या नावापुढे सदा गैरहजर. कुणी हसायचं नाही.

आणि हे दहा मानकरी माझ्याकडून काय घेऊन जायचे? सकाळी फुलांची चित्रं, दुपारी कुस्त्या, संध्याकाळी दुसऱ्या गावच्या दंडारीच्या नाच-नाटकाचे व्हिडिओ. त्यावर माझा राग नाही. माणसाने करमणूक करावी. राग याचा की खिडकीबाहेर पोरं-पोरी फोन उंच धरून उभी असायची, त्यांचे फोन माझ्याकडे जागा मागायचे, आणि जागा रिकाम्या असून मला नाही म्हणावं लागायचं. 'जागा आहे का?' नाही. 'जागा आहे का?' नाही. दिवसभर हेच.

मग बकाराम वारले. त्यांचा फोन बंद करून घरात त्यांच्या फोटोपुढे ठेवला गेला. फोटोला हार, फोनलाही छोटा हार. मला वाटलं, एक जागा सुटली. पण थोरला मुलगा जागेश्वर पंचायतीत येऊन म्हणाला, "बाबाची जागा माया नावानं करा." दुसऱ्या दिवशी धाकटा आला, "माया नावानं करा." दुलीचंद म्हणाले, ग्रामसभेत पाहू. तोवर जागा मेलेल्या माणसाच्याच नावावर. पत्त्याची वारसाहक्काने वाटणी मागणारं गाव मी हे एकच पाहिलं.

नूतन ही टिकारामची नात. सायन्सची पदवी घेतलेली, बोलायला फटकळ. नागपूरच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियनचं प्रशिक्षण होतं, शिकताना पगार आणि पुढे नोकरी. लेखी परीक्षेत ती पास झाली होती. राहिली होती मुलाखत, तीही व्हिडिओवर. गाव डोंगरांच्या खोबणीत, मोबाइलला रेंज नाही. रेल्वेलाइनजवळच्या टेकडीवर चढलं की फोन लागतो, पण चित्र टिकत नाही. तिने वर जाऊन दोनदा व्हिडिओ कॉल करून पाहिला होता. पंचायतीचा संगणक केव्हाचा बंद पडलेला. उरले मी.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी ती माझ्यासमोरच आजोबांना म्हणाली, "आजा, तुही जागा मले दे."

"कोनती जागा?"

"डब्बीतली. तुया फोनमंधी त वायफायच नाई."

"नाई वापरत म्हनून का सोडून देऊ? मानाची हाय ते."

"कोनता मान गा? रिकाम्या खुर्चीचा?"

"तुले नाई समजत. एकदा नाव काटलं का पुन्हा लागत नाई. दुलीचंद आपला मानूस घुसवते तिथं."

"मंग माया नावानं कर. घरातल्या घरात राहीन."

टिकाराम हसले. खरंच हसले. "पोट्टीच्या नावानं? उद्या लगन होऊन जाशीन. जागा परक्या घरी जाईन."

मला हात असते तर मी डोक्यावर मारून घेतले असते. माझा पत्ता या भिंतींच्या पलीकडे पन्नास पावलंही चालत नाही. तो कुणाच्या सासरी जाणार होता?

"आजा," नूतन म्हणाली, "एक दिवस. एका दिवसानं का होते?"

"आज तुले देल्लं त उद्या सारे मागन. मी अध्यक्ष हाओ. मीच रीत मोडली त लोकं का म्हनन?"

ती दुलीचंदकडे वळली. त्यांनी फोनवरून नजर न काढता सांगितलं, "ग्रामसभेत मांड वं बाई. आमी नाई कायले म्हनू?" ग्रामसभा कधी होती ते त्यांनाही माहीत नव्हतं. बाकीच्या मानकऱ्यांकडे फोन मागितला तर प्रत्येकाला त्याच वेळी काही ना काही काम निघालं.

दुसऱ्या दिवशी ती आली ती एकटी नाही. सोबत बकारामची बायको रुख्मा होती. दोघी बाहेर खिडकीखालच्या पायरीवर बसल्या. रुख्माने पदराआडून नवऱ्याचा फोन काढला, त्यावरचा हार सोडवला आणि नूतनच्या हाती दिला.

"घे वं. चार्ज करून आनला. जित्तेपनी निस्त्या कुस्त्या पाहे. आता तरी कामी येऊ दे."

"जागेश्वरभाऊ काही म्हनन त?"

"त्याले मी जनमाले घातलं का त्यानं मले?"

फोन सुरू झाला आणि त्याने माझ्याकडे जागा मागितली. मी गोंदण पाहिलं. बकारामचंच. मी माणूस ओळखत नाही, फक्त गोंदण ओळखते. रिकामी पडलेली जागा मी त्याला दिली. खोटं सांगत नाही, इतक्या आनंदाने मी कुणाला जागा दिली नव्हती.

नूतनने मुलाखतीचा दुवा उघडला. दुव्यात असतं नाव, आणि मला लागतात आकडे. म्हणून मी डीएनएसला विचारलं. आमगावच्या बाजारात दुकानाचं नाव सांगितलं की कुणीतरी बोट दाखवतो, तसा तो. त्याने आकडे सांगितले. मग फोनने पलीकडे हाक दिली, 'ऐकून राहिले का?' पलीकडून उत्तर आलं, 'हाव, ऐकून राहिलो. तू?' 'मी बी.' तीन बोलांत ओळख पटली. या रीतीला टीसीपी म्हणतात. यात प्रत्येक तुकडा पोचल्याची पावती मिळते आणि हरवलेला तुकडा पुन्हा पाठवतात. पान उघडायचं असेल तेव्हा ती बरी.

पण समोरासमोर बोलताना पावत्यांना वेळ नसतो. तेव्हा यूडीपी चालते. एका बांधीतून दुसऱ्या बांधीत हाक मारावी, ऐकू गेली तर गेली, तशी. हरवलेला शब्द तिथे कुणी परत मागत नाही.

मी माझ्याकडून एकही शब्द हरवू दिला नाही. आत काय बोलणं आहे ते मला दिसत नव्हतं, ते कुलूपबंद असतं आणि किल्ली दोन्ही टोकांनाच असते. पण खिडकीतून नूतनचा आवाज ऐकू येत होता. आधी जरा कापरा, मग खणखणीत. रक्ताचे गट सांगितले, सिकलसेलची तपासणी कशी करतात ते सांगितलं, गावात ती पाहिलेली आहे म्हणाली. एकदा ती हसली. पलीकडेही कुणीतरी हसलं असावं.

आत खोलीत दुलीचंदनी सवयीने हजेरी उघडली आणि खुर्चीतून उठलेच.

"अरे बाप्पा! बकाराम हजर!"

कुणाच्या हातातला चहा सांडला. एकाने हात जोडले. टिकाराम भिंतीला टेकले. क्षणभर त्या मानकऱ्यांना खरंच वाटलं की मेलेला माणूस कुस्त्या पाहायला आला. मग कोपऱ्यात बसलेल्या जागेश्वरच्या डोक्यात प्रकाश पडला. तो धावत बाहेर गेला.

"बाबाचा फोन! फोटोपुढचा फोन उचलला! कोनाले इचारून वं?"

"मले इचारून," रुख्मा म्हणाली. "हळू बोल. पोट्टी बोलून राहिली."

नूतनच्या कानात इयरफोनच्या बोंड्या होत्या. तिने पाठ फिरवली आणि बोलत राहिली. जागेश्वर आत येऊन ओरडला, "आज बाबाची जागा घेतली, उद्या वावर घेन! तंटामुक्तीच्या अध्यक्षाच्या घरची पोट्टी!"

दुलीचंदना तेवढंच हवं होतं. "टिकारामभाऊ, घर तुयं, पोट्टी तुयी. आता तूच सांग का करायचं."

खोलीतले सगळे टिकारामकडे बघायला लागले. म्हातारा उठला. मला वाटलं, खिडकीशी जाईल. आपली नात कशी बोलते ते ऐकेल. एकदा तरी ऐकेल. पण तो सरळ माझ्याकडे आला. खिडकीतून नूतनचा आवाज येत होता. पलीकडच्यांनी बहुतेक विचारलं होतं, तपासणी चालू असताना लाइट गेली तर काय कराल.

"सर, आमच्या गावात त रोजच जाते," ती म्हणत होती. "म्हणून मी सगळ्यात आधी..."

टिकारामने भिंतीवरचं माझं बटण बंद केलं.

सगळ्यात आधी ती काय करणार होती, ते नागपूरला पोचलं नाही. ते तुकडे माझ्यात होते, मी पाठवणारच होते. वीज गेली की माझ्यात काही उरत नाही.

पुन्हा जाग आली तेव्हा बटणावर नूतनचा हात होता. मला उठायला वेळ लागतो, आधी तार ओळखायची, मग बाहेरचा पत्ता मागायचा. ती समोर उभी राहून माझे दिवे बघत होती. मी जितकी घाई करता येईल तितकी केली. जागा दिली. दुवा उघडला. पलीकडे कुणी नव्हतं. मुलाखत संपल्याचं तिनेच मोठ्याने वाचलं. तिने लगेच मेल पाठवला, तो मी पोचवला, पोचल्याची पावतीही आली. उत्तर आलं नाही.

टिकाराम म्हणाले, "मंग का करू? लोकं बोलून राहिले होते."

"हाव," नूतन म्हणाली. "तुही जागा राहिली ना, आजा? आता बस तिच्यावर."

रुख्माने बकारामचा फोन उचलला आणि जागेश्वरच्या मांडीवर टाकला. "घे तुया बाप," म्हणाली आणि निघून गेली.

त्या प्रकारानंतर मानकऱ्यांनी एकमताने ठरवलं की डब्बीच कुलपात ठेवावी. मला लोखंडी कपाटात घातलं. वायर जाण्यापुरती मागे फट पाडली. लोखंडातून माझ्या लहरी बाहेर जात नाहीत, आपटून परत माझ्याच तोंडावर येतात. त्यामुळे आता दहांपैकी कुणालाच काही मिळत नाही. ते कंपनीला शिव्या देतात. कपाट उघडायचं कुणाला सुचत नाही, किंवा किल्ली मागणारा पहिला कुणी व्हायला तयार नाही. आणि बाहेर पोरं-पोरी उभी राहत नाहीत. ती टेकडीवर जातात, किंवा गावच सोडून जातात.

नूतन गोंदियाला गेली. एका औषधाच्या दुकानात काउंटरला उभी राहते. रविवारीही घरी येत नाही.

मध्यंतरी टिकारामनी कैलाशला बोलावलं होतं. खोलीत दुसरं कुणी नसल्याची खात्री करून हळूच म्हणाले, "माया जागेवर नूतनचं नाव टाक."

"आजा, नूतन तर गोंदियात आहे. ही जागा तिथे चालत नाही."

"बिलकुल नाई?"

"बिलकुल नाही."

मग टिकाराम म्हणाले, "मंग राहू दे माहंच. रिकामी कायले ठेवता."

ते ऐकून मी ठरवलं की बोलायचं. त्यांच्याशी नाही. त्यांना मी काही मागत नाही, मागून झालंय. ज्यांना मी रोज नाही म्हणत होते, त्यांच्याशी बोलतेय. कपाटाची किल्ली दुलीचंदच्या कमरेला असली तरी मागची फट बोटभर रुंद आहे. माझ्या पाठीवर एक बारीक छिद्र आहे. त्यात टाचणी घालून दिवे विझेपर्यंत दाबून धरा. मी सगळं विसरेन. दहा नावं, बांधलेल्या जागा, बकाराम, तो खोटा नंबर, काही राहणार नाही. कारखान्यातून आले होते तशी होईन, आणि जो येईल त्याला जागा देईन. मग त्याच फटीचा पत्रा वाकवा, वायरीसकट मला बाहेर ओढा आणि खिडकीत ठेवा. शिंगं मोडली तर मोडू द्या.

कुणाची परवानगी घेत बसू नका. ते ग्रामसभेत मांडा म्हणतील.